नाव नसलं तरी माणूस कळतो

आज बोलूया खिशातल्या फोनबद्दल.

जीपीएस, वाय-फाय आणि मोबाइल टॉवर यांवरून फोनला आपलं ठिकाण कळतं. परवानगी दिलेली ॲप ते वेळेसकट साठवू शकतात. फोन रोज रात्री थांबतो ते घर, दिवसा थांबतो ते ऑफिस. रविवारची मराठी शाळा, देऊळ, डॉक्टरांचा दवाखाना, सगळं त्यात येतं.

“नोंदीत नाव नाही” म्हणून निर्धास्त राहू नका. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या. चार ठिकाणं आणि तिथल्या वेळा एवढ्यावरून ९५ टक्के लोकांची नोंद गर्दीतून वेगळी काढता आली.

इथे अमेरिकेत २०१८ च्या कार्पेंटर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की फोन कंपनीकडून अशा जुन्या नोंदी घ्यायला पोलिसांना सहसा वॉरंट लागेल. पण हा निकाल सरकारला बांधतो, ॲपवाल्यांना नाही.

तेव्हा आज सेटिंग उघडा. लोकेशनसमोर ‘कायम’ असेल तिथे ‘ॲप वापरताना’ निवडा. हवामानाच्या ॲपला तर नुसतं गावाचं नाव पुरतं. घरातल्या आजी-आजोबांचा फोनही बघा बरं का!