आधी दोरी ओढायची नाही

चेनसॉ टेबलावर ठेवली आणि माझा हात आपोआप दोरीच्या मुठीकडे गेला. आजोबांनी तो मनगटाशी धरून बाजूला केला. म्हणाले, "वीस वर्षं थांबलीय ती. आणखी एक तास थांबेल."

आजोबा म्हणजे शेजारी. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या हिल्सबरोला आम्ही राहतो, गावाच्या अगदी कडेला, आणि कुंपणापलीकडे त्यांचं घर. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. पण ऐंशी ओलांडलेल्या माणसाला तशी हाक मारणं मला अजून जमलेलं नाही. मी काय म्हणतो याचा अर्थ त्यांनी एकदा विचारून घेतला आणि तेव्हापासून ते ‘आजोबा’ला ओ देतात.

त्यांची उमेदीची सगळी वर्षं पश्चिमेच्या डोंगरांत डग्लस फरची झाडं पाडण्यात गेली. थंडीच्या सकाळी त्यांच्या हातांची बोटं खडूसारखी पांढरी पडतात आणि मग शर्टाचं बटणही लावता येत नाही. वर्षानुवर्षं हातात थरथरणारं यंत्र धरलं की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दुखावतात. लाकूडतोड्यांत हा आजार इतका घरचा की त्याला नुसतं ‘पांढरी बोटं’ म्हणतात. म्हणून आमची वाटणी अशी ठरली: स्क्रू मी फिरवायचा, कुठला ते त्यांनी सांगायचं.

ही चेनसॉ त्यांच्या थोरल्या भावाची. भाऊ आता नाहीत. त्यांनी ती एक दिवस कोठारात ठेवून दिली ती पुन्हा काढलीच नाही. का, ते आजोबांना माहीत नव्हतं. त्यांना तेच आधी हवं होतं. "सुरू कोणीही करेल," ते म्हणाले, "बंद का पडली ते शोध."

दोरी आधी का ओढायची नाही, हे झाकण उघडल्यावर कळलं. हवेच्या फिल्टरखाली उंदरांनी घर केलं होतं. गवत, कापूस, लेंड्या. दोरी ओढली असती तर यातलं निम्मं सिलिंडरमध्ये गेलं असतं. सगळं बाहेर काढलं, रॉकेल आणि ब्रशने धुतलं, मग सायलेन्सर उतरवला आणि एक्झॉस्टच्या भोकातून बॅटरीचा झोत आत मारला. जुन्या दोन स्ट्रोक इंजिनाची कुंडली इथे वाचायला मिळते. पिस्टनच्या अंगावर कारखान्यातल्या कातकामाच्या बारीक आडव्या रेघा असतात. त्या दिसल्या की जीव भांड्यात पडतो. उभ्या रेघा दिसल्या की समजायचं, कधीतरी हे इंजिन कोरडं, तापून चाललंय. आमच्या पिस्टनवर आडव्या रेघा होत्या, पण एका बाजूला चार-पाच उभे ओरखडेही होते. नखाला लागत नव्हते, दिसत मात्र होते. आजोबा चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले. "हं," एवढंच म्हणाले.

मग दाब मोजला. प्लगच्या जागी गेज लावून दोरी सहा वेळा ओढली: ९५ पौंड. अशा इंजिनाला १४०-१५० हवेत. सिलिंडर उतरवला तर वरची रिंग काजळीने खाचेत चिकटून बसलेली. जुन्या तुटक्या रिंगच्या टोकाने ती खाच साफ करायला मला अख्खी संध्याकाळ लागली.

सिलिंडर सुटलाच होता म्हणून एक रेंगाळलेला प्रश्नही मिटला. यंत्रावरची पट्टी कधीच उडाली होती, रिव्हेटची दोन भोकं तेवढी उरली होती. लाल रंग, हँडलचा बाक, फिल्टरच्या झाकणाचा आकार यांवरून कुळी कळत होती: होमलाइट कंपनीचं एक्सएल घराणं. त्यातलं एक्सएल-१२ हे मॉडेल १९६३ साली आलं. मॅग्नेशियमच्या ओतीव अंगामुळे एका माणसाला दिवसभर पेलेल इतकं ते हलकं होतं. पण जवळजवळ त्याच अंगाचं सुपर एक्सएलही होतं, आणि अर्ध्या शतकात एकाचे भाग दुसऱ्याला लागत गेलेले असतात. झाकणावर, रंगावर भरवसा ठेवता येत नाही. सिलिंडरच्या व्यासावर ठेवता येतो. एक्सएल-१२चा व्यास पावणेदोन इंच, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. सुपरचा त्याहून एक-सोळांश इंच जास्त, ४६ मिलिमीटर. फरक दीड मिलिमीटरचा. व्हर्नियर लावला, ४४.४ आलं. पिस्टनची धाव ३५ मिलिमीटरला किंचित कमी, म्हणजे ५४ सीसी. एक्सएल-१२. बोटाने दाबून साखळीला तेल पाजायचं बटणही त्याला जुळत होतं.

ठिणगीचं काम मला येत होतं, आणि ते मी कणकवलीत शिकलोय. बाबांची लुना होती. बाबा पॉइंट घासायचे आणि मी बॅटरी धरायचो; झोत हलला की ओरडा बसायचा. इथेही तेच: फ्लायव्हीलखाली सीबी पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. यंत्र पडून राहिलं की पॉइंटच्या तोंडावर न दिसणारा गंज चढतो आणि वीज अडते. पॉलिश पेपर, मग रॉकेलचा हात लागलेला कोरा पुठ्ठा, मग फीलर गेज घालून फट एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पंधरा. प्लगवर निळी ठिणगी चट् करून उडाली तेव्हा मला बाबा आठवले.

कार्बुरेटरपाशी मात्र लुनाची विद्या संपते. लुनाच्या कार्बुरेटरात तरंगता फ्लोट असतो. गाडी आडवी पडली की पेट्रोल वाहतं. झाड पाडताना यंत्र आडवं धरावं लागतं, फांद्या छाटताना उलटंही. सुरुवातीच्या पेट्रोलच्या चेनसॉंना ही मोठी अडचण होती. इंजिन उभं ठेवून नुसता बार, म्हणजे साखळी ज्याभोवती फिरते ती पट्टी, आडवा फिरवायची सोय करावी लागे. पडद्याच्या कार्बुरेटरने ती अडचण सोडवली. यात फ्लोटच नाही. एक रबरी पडदा क्रँककेसमधल्या दाबाच्या धडधडीवर हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा इंजिनाच्या ओढीने वाकतो, एका चिमुकल्या तरफेला ढकलतो आणि सुई उघडतो. यंत्र कसंही धरा, पुरवठा चालू. हे पडदे मऊ असतील तरच हे सगळं चालतं. आमचे भाजलेल्या पापडासारखे कडक झाले होते. टाकीतली नळी तर काळ्या डिंकासारखी बोटाला आली. जुन्या रबराला वय तर खातंच, आता पेट्रोलमधलं इथेनॉलही खातं. इथे ते १० टक्के असतं. भारतात तर आता ई-२० आलंय, म्हणजे जुन्या स्कूटरी सांभाळणाऱ्यांना हा विषय मी सांगायला नको. आम्ही नवे पडदे, नवी नळी घातली आणि बिनइथेनॉलचं पेट्रोल आणलं, ३२ भागांत एक भाग ऑईल मिसळून.

दाब पुन्हा मोजला, १४०. चोक ओढून तिसऱ्या ओढीला ती सुरू झाली. कोठारभर निळा धूर झाला. मी आनंदाने आजोबांकडे पाहिलं. ते यंत्राकडे कान लावून उभे होते. मी रेस दिली, सोडली. इंजिन खाली यायला हवं होतं. ते दोन-तीन क्षण वरच्याच सुरात रेंगाळलं आणि मग उतरलं.

"बंद कर," ते म्हणाले. मी केलं. "पुन्हा सुरू करू नकोस."

त्या दोन-तीन क्षणांत सगळं होतं. रेस सोडल्यावर इंजिन रेंगाळतं तेव्हा बऱ्याचदा कुठूनतरी फुकटची हवा आत येत असते. दोन स्ट्रोकचं वंगण पेट्रोलबरोबर येतं. हवा वाढली की पेट्रोलचं प्रमाण घटतं, वंगणही घटतं, उष्णता वाढते, आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. आमच्या पिस्टनवरचे उभे ओरखडे त्याचीच सुरुवात होती.

शोधायची रीत आपल्याकडच्या पंक्चरवाल्याची. एक्झॉस्ट आणि कार्बुरेटरचं तोंड रबराने बंद केलं, प्लगच्या भोकातून हातपंपाने सात पौंड हवा भरली आणि सांध्यासांध्यावर साबणाचं पाणी लावलं. फ्लायव्हीलच्या बाजूच्या ऑईल सीलपाशी एकामागून एक बुडबुडे उमलू लागले. आजोबा खाली वाकून बघत होते. मग सावकाश बोलले: भाऊ शेवटच्या वर्षी म्हणायचा, ही आता माझं ऐकत नाही, सोडली तरी पळते. त्यांना वाटायचं, म्हातारपणी भाऊ चिडचिडा झालाय. पिस्टन सिलिंडरला धरण्याआधी भावाने यंत्र थांबवलं होतं.

सील जपून काढलं, नवं बसवलं, पुन्हा सात पौंड भरले. काटा हलला नाही.

पुढचं काम कानाचं. कार्बुरेटरवरचा स्लोचा आणि फास्टचा स्क्रू एकेक आटा उघडून सुरुवात करायची. पूर्ण रेसवर, लाकडाबाहेर, आवाज किंचित फुटका यायला हवा, भरड. पेट्रोल जरा जास्त असलं की इंजिन एक वेळ सोडून एक वेळ पेटतं, त्याचा तो आवाज. लाकडात घातली की ताण येतो आणि तोच आवाज सलग होतो. बाहेरच गुळगुळीत, चढा, ऐकायला छान असा सूर लागला तर समजावं की ती जळायला निघालीय. मला दोन दिवस हा फरक ऐकूच येत नव्हता. आजोबा पाठमोरे उभे राहून बोट वर-खाली करत राहिले आणि तिसऱ्या दिवशी तो कानात बसला.

रंग मात्र द्यायचा नाही, यावर मी अडून बसलो. पुढच्या हँडलवर रंग जिथे उडालाय, तिथे भावाचा हात होता.

साखळीची गोष्ट या भागातलीच आहे. पूर्वी चेनसॉच्या साखळीला हातकरवतीसारखे दाते असत, ते लाकूड ओरबाडत आणि सारखे बोथट होत. जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या १९४६ मध्ये ओरेगनच्या जंगलात सरपण फोडत होता. ओंडक्यात त्याला एका भुंग्याची अळी दिसली. ती आपल्या वाकड्या जबड्यांनी डावी-उजवीकडे, लाकडाच्या रेषांना आडवी आणि उभी, सहज लाकूड खात चालली होती. त्याने तसे दात घडवले, पोर्टलंडच्या आपल्या घराच्या तळघरात, आणि १९४७ पासून साखळ्या विकू लागला. आजही चेनसॉच्या साखळीवर एक दात डावा, एक उजवा असतो तो तिथून. आमच्या गावी फणसाचं खोड चिरायला दोघे यायचे, एक मांडवावर, एक खाली, आणि खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा पडायचा. मला अळीची ही गोष्ट त्या खालच्या माणसाला सांगावीशी वाटते.

गेल्या शनिवारी वाऱ्याने पडलेला फरचा ओंडका घेतला. या यंत्राला साखळी थांबवणारा ब्रेक नाही, हँडलखाली धक्के शोषणारं रबर नाही. ते सगळं नंतर आलं. म्हणून चारच काप घ्यायचे ठरवलं, बारच्या टोकाची वरची बाजू लाकडाला लागू न देता, कारण उसळते ती तिथूनच. तेवढ्यानेही माझ्या तळव्यांना मुंग्या आल्या. आजोबांनी हे आठ-आठ तास धरलेलं होतं.

चौथा काप पडला, यंत्र थांबवलं. आजोबांनी खिशातून हात काढला, खाली वाकून मूठभर छिलके उचलले. भुसा नव्हता, लांब छिलके होते. मग कापलेल्या तोंडावर तळवा ठेवला आणि वरून खाली आणला. काप सरळ नव्हता, डावीकडे वळला होता.

"उजवे दात आखूड झालेत," ते म्हणाले. "कानस आण."