जुनी जीप घेतांना : पेट्रोल कीं डिझेल?

पालघरला आमच्या स्नेह्यांचें एक मोठें एकत्र कुटुंब आहे. थोरले काका, त्यांचे दोघे बंधू, तिघांच्या गृहिणी, मुलें, सुना आणि नातवंडें मिळून अठरा माणसें एका स्वयंपाकघरांत जेवतात. केळवें-माहीमकडे त्यांची नारळांची व पानवेलींची वाडी आहे. एक पुतण्या बोईसरला तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत नोकरीस आहे. धाकटी सून डॉक्टर असून आठवड्यांतून दोन दिवस विक्रमगडच्या बाजूस रुग्ण तपासावयास जाते. अशा घरास चारहि चाकांना जोर देणारी एखादी दणकट गाडी असावी, असें सर्वांच्या मनांत बरेच दिवस होतें. परंतु घरांतली एक मुलगी पुढील वर्षीं उच्च शिक्षणास जावयाची. तेव्हां सामायिक शिलकेंतून किती रक्कम काढावी याला मर्यादा होती. म्हणून जुनी गाडी पाहण्याचें ठरलें आणि दोन गाड्या पसंतीस उतरल्या. दोन्ही तेरा वर्षांच्या. एक पेट्रोलची, दुसरी डिझेलची. डिझेलच्या गाडीची मागणी सत्तर हजारांनीं अधिक. येथेंच घरांत दोन पक्ष पडले.

मला यंत्रांचा थोडाबहुत नाद असल्यानें पंच म्हणून बोलावणें आलें. ओटीवर बैठक बसली. थोरले काका डिझेलच्या पक्षाचे. त्यांचें म्हणणें दोन शब्दांत असें : डिझेल स्वस्त पडतें, आणि डिझेलची गाडी पाण्यांत बंद पडत नाहीं. "पावसाळ्यांत सूनबाई रात्रीं परत येतात," ते म्हणाले, "रस्त्यावर पाणी असलें तर पेट्रोलची गाडी मध्येंच रुसून बसेल. डिझेलला ठिणगी लागत नाहीं. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण मला रात्रीं झोंप लागली पाहिजे." पुतण्या पेट्रोलच्या बाजूचा, गाडी हलकी, आवाज कमी, दुरुस्ती सोपी, हें त्याचें म्हणणें. जिच्यासाठीं हा वाद चालला होता ती सून मात्र चहाचे पेले ठेवून गप्प बसली होती.

असा वाद पुष्कळ घरांत होत असेल, म्हणून त्या बैठकींत जें बोलणें झालें तें येथें थोडें विस्तारानें देतों.

प्रथम दोन्ही यंत्रांतला मूळ भेद पाहूं. पेट्रोलच्या इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण सिलिंडरांत येतें, दट्ट्या तें सुमारें आठ ते अकरा पटींनीं दाबतो आणि प्लगची ठिणगी तें पेटवते. डिझेलच्या इंजिनांत केवळ हवाच आंत घेतात. ती सोळा ते बावीस पटींनीं दाबली म्हणजे इतकी तापते, कीं तींत उडालेली डिझेलची फवार ठिणगीवांचून पेट घेते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें ही कल्पना १८९२ सालीं मांडली व १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें चालवून दाखविली. दाब अधिक, म्हणून इंधनांतून काम अधिक निघतें. पण तोच दाब सोसण्यासाठीं सर्व भाग जड व बळकट करावे लागतात. किंमत वाढते ती यामुळें. डिझेलचें इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देतें, त्यामुळें चढणीवर किंवा चिखलांत तें सावकाश, न अडखळतां ओढतें. पेट्रोलच्या इंजिनास फेऱ्या वाढवाव्या लागतात. परंतु गाडीच हलकी असल्यानें ती चिखलांत कमी रुतते. म्हणजे भाताच्या बांधावर दोघांचीहि बाजू सारखीच जोरदार आहे.

मग 'डिझेल म्हणजे पाण्यांतली गाडी' आणि 'डिझेल म्हणजे स्वस्त' या समजुती कोठून आल्या? त्यांस इतिहास आहे. आपल्याकडे जीप आली ती पेट्रोलची. महायुद्धांत नांवारूपास आलेल्या विलीज जीपची जोडणी चाळिसाच्या दशकाअखेर मुंबईंत महिंद्र कंपनीनें सुरू केली, तेव्हां त्या गाड्यांत सव्वादोन लिटरांचें पेट्रोल इंजिन असे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल जड जाऊं लागलें. मग जीपमध्यें डिझेलचीं इंजिनें आलीं; पुढें फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या परवान्याचें इंजिनहि आलें. १९८५ सालीं मारुतीची जिप्सी आली ती मात्र पेट्रोलचीच, आणि शेवटपर्यंत पेट्रोलचीच राहिली. थारच्या २०२० च्या नव्या अवतारांत दोन्ही इंजिनें मिळूं लागलीं. २०२३ ची जिमनी पुनः केवळ पेट्रोलची. म्हणून जुन्या बाजारांत इंधन निवडणें म्हणजे पुष्कळ वेळां गाडीची जातच निवडणें होय.

जुन्या पेट्रोल गाडींत ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर असे. त्यावर पाण्याचा शिंतोडा पडला कीं गाडी बंद. त्या काळच्या डिझेलमध्यें ही भानगड नव्हती. काकांची समजूत त्या काळापुरती खरी होती. तसेंच ऑक्टोबर २०१४ पर्यंत डिझेलची किंमत सरकार ठरवीत असे व ती पेट्रोलपेक्षां फार कमी ठेवलेली असे. तें नियंत्रण उठल्यावर अंतर पुष्कळ घटलें. समजुती मात्र मागें राहिल्या.

आतां हिशेब. मीं सुनेला विचारलें, "तुम्हीं सर्वांनीं मिळून गाडी वर्षाला किती चालवाल?" घरांतून उत्तरें आलीं : "पुष्कळ!" "रोजच!" मग सूनबाईंनीं वही आणली आणि एकेक फेरी लिहावयास लावली. तेव्हां निराळेंच चित्र निघालें. पुतण्या बोईसरला आगगाडीनें जातो; मध्यें उमरोळी, पुढचें बोईसर. त्याला गाडीची गरजच नाहीं. स्वतः सूनबाई कोरड्या दिवसांत सहकाऱ्यांच्या गाडीनें जातात. स्वतःची गाडी हवी ती पावसाळ्याच्या चार महिन्यांत. वाडीच्या फेऱ्या महिन्याला दहा-बारा. सर्व मिळून वर्षाला ६,००० किलोमीटरांवर बेरीज जाईना.

पेट्रोलची गाडी लिटरला १० किलोमीटर व डिझेलची १३ किलोमीटर जाते असें धरूं. पेट्रोलचा भाव १०५ रुपये व डिझेलचा ९२ रुपये धरूं. ६,००० किलोमीटरांस पेट्रोल ६०० लिटर, म्हणजे ६३,००० रुपये. डिझेल सुमारें ४६२ लिटर, म्हणजे सुमारें ४२,५०० रुपये. वर्षाची बचत साडेवीस हजार. सत्तर हजारांचा फरक भरून येण्यास जवळ जवळ साडेतीन वर्षें हवींत. तोंवर गाडी साडेसोळा वर्षांची झालेली असेल, आणि पंधराव्या वर्षीं नोंदणीचें नूतनीकरण करून घ्यावें लागेल तें वेगळेंच. हीच गाडी वर्षाला १५,००० किलोमीटर चालली असती, तर बचत ५१,००० च्या वर गेली असती आणि फरक सोळा-सतरा महिन्यांत फिटला असता. मनोरकडे ज्यांची शेती आहे, जव्हारच्या घाटांतून ज्यांना नित्य माल न्यावयाचा आहे, त्यांनीं डिझेलच घ्यावें. वाचकांनीं आपल्या घरचे आंकडे घालून हा त्रैराशिकाचा हिशेब अवश्य करावा; मात्र फेऱ्या वहींत लिहाव्या, स्मरणावर विसंबूं नये.

डिझेलच्या बाजूनें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तारापूरची वसाहत व मुंबई-अहमदाबाद महामार्ग यांच्यामुळें या भागांत मालमोटारींची अखंड वर्दळ असते, म्हणून डिझेलचे कारागीर जागोजागीं भेटतात. परंतु जुन्या, केवळ यांत्रिक पंपाच्या डिझेलपुरतीच ही सोय आहे. अलीकडच्या डिझेलमध्यें इंधन फार मोठ्या दाबानें व विद्युत्-नियंत्रणानें फवारलें जातें. त्याचे इंजेक्टर बिघडले तर रस्त्यावरच्या कारागिराचा इलाज चालत नाहीं आणि खर्चहि भारी येतो. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी धरणारी गाळणी असते. तिच्यांतील काजळी जाळण्यासाठीं गाडी अधूनमधून लांब पल्ल्यावर, चांगल्या वेगानें चालवावी लागते. घरापासून बाजारापर्यंतच जाणाऱ्या गाडीची ही गाळणी तुंबते.

पेट्रोलच्या बाजूसहि दोष आहेत, ते लपवूं नयेत. हल्लीं पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल असतें. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व बैठका त्यासाठीं केलेल्या नसतात. त्या लवकर खराब होतात. शिवाय इथेनॉल हवेंतला ओलावा ओढून घेतें. समुद्रकांठच्या दमट हवेंत गाडी महिनोन् महिने उभी ठेवली तर टाकींत पाणी सांचण्याचा संभव असतो. यास्तव जुनी पेट्रोल गाडी घेणाऱ्यानें नळ्या बदलून घ्याव्या आणि गाडी फार दिवस उभी ठेवूं नये.

आतां काकांच्या झोंपेचा प्रश्न. मीं त्यांना विचारलें, "काका, इंजिनाला ठिणगी लागो वा न लागो, त्याला हवा लागते ना?" त्यांनीं मान डोलावली. इंजिन ज्या तोंडानें हवा ओढतें, तेथपर्यंत पाणी पोंचलें तर तें हवेबरोबर सिलिंडरांत शिरतें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. दट्ट्या जागींच अडतो आणि त्याचा दांडा वाकतो. डिझेलमध्यें दट्ट्यावरची मोकळी जागा मुळांत लहान. म्हणून तेवढें नुकसान करण्यास तेथें थोडें पाणीहि पुरतें. आणि पाणी वाहतें असेल तर प्रश्न इंजिनाचा राहतच नाहीं. दोन फूट वाहतें पाणी बहुतेक मोटारींस उचलून नेऊं शकतें, मग टाकींत कांहींहि भरलेलें असो.

काका बराच वेळ बोलले नाहींत. मग सूनबाई प्रथमच म्हणाल्या, "मामंजी, पुलावरून पाणी जात असेल तर मी कोणत्याच गाडीनें येणार नाहीं. तिकडेच राहीन. तेवढी परवानगी आपण सर्वांनीं आधींच देऊन ठेवावी, म्हणजे निघण्याची घाई होणार नाहीं." त्या बैठकींतला खरा निर्णय मला वाटतें हाच होता.

दुसऱ्या दिवशीं आम्ही पेट्रोलची गाडी पहावयास गेलों. या किनाऱ्यावर इंजिनाच्या आधीं सांगाडा पहावा. खारी हवा लोखंड खाते. वरून रंग ताजा असला तरी खालचा चॅसिस हातोडीनें हलकेच ठोकून पाहावा. खणखणीत नाद यावा. बद्द आवाज आला कीं गाडी सोडावी. इंजिन थंड असतांनाच चालू करावयास सांगावें. आधीं तापवून ठेवलेलें असेल तर संशय धरावा. धूर निळा असेल तर तेल जळत आहे. काळा असेल तर इंधन अपुरें जळत आहे. पांढरा धूर तापल्यावरहि थांबला नाहीं तर पाणी आंत शिरत असण्याचा संभव आहे. चार चाकांचा दांडा प्रत्यक्ष घालून चिखलांत गाडी चालवून पाहावी. शेवटीं नोंदणीपुस्तकांतला इंजिनाचा व चॅसिसचा क्रमांक आणि इंधनाची नोंद गाडीशीं ताडून पाहावी. कित्येक जुन्या जीपमध्यें पेट्रोलचें इंजिन काढून डिझेलचें बसवलेलें असतें आणि पुस्तकांत मात्र पेट्रोलच राहतें. अशी गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. नूतनीकरणाच्या व विम्याच्या वेळीं तिची किंमत दुपटीनें भरावी लागते.

गाडी घेतली. वांचलेल्या सत्तर हजारांपैकीं कांहीं रक्कम टायर, नळ्या आणि खालच्या गंजरोधक लेपावर गेली; उरलेली मुलीच्या शिक्षणाच्या खात्यांत पडली.

गेल्या जुलैंत एका रात्रीं मी त्यांच्याकडेच होतों. नऊच्या सुमारास विक्रमगडहून दूरध्वनि आला. वाटेवरच्या ओढ्याच्या सखल पुलावर पाणी होतें. काकांनींच तो घेतला. "राहा, सूनबाई," ते म्हणाले, "सकाळीं उजाडल्यावर निघा." एवढें बोलून त्यांनीं पान मांडावयास सांगितलें, आणि जेवण झाल्यावर नेहमींच्या वेळीं निजावयास गेले.