विश्लेषण : स्वस्तातला गेमिंग संगणक... पैसे नेमके कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत?

बारावीचा किंवा डिप्लोमाचा निकाल लागला की अनेक घरांत एक वाटाघाट सुरू होते. मुलाला ‘अभ्यासासाठी’ संगणक हवा असतो. तो अभ्यासासाठीच आहे ना, अशी शंका वडिलांना असते. तडजोड अखेर चाळीस-पन्नास हजारांवर होते. तेवढ्यात फोनवर जाहिरात झळकते : ‘आय-७, १६ जीबी रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांचे कॅबिनेट, सगळे मिळून निम्म्या किमतीत’. अशा वेळी चुकीचा निर्णय झाला तर घरात पुन्हा पैसे मागायची सोय राहत नाही. म्हणून सुटे भाग निवडण्यामागचे गणित आधी समजून घ्यायला हवे.

जाहिरातीतल्या ‘आय-७’मध्ये गोम काय?

‘आय-७’ हे नाव इंटेल २००८ पासून वापरते आहे. त्यामुळे २०१२ मधील आय-७ ३७७० हाही आय-७च आणि आजचाही आय-७च. कार्यालयांतून मोडीत निघालेले जुने संगणक नव्या कॅबिनेटमध्ये घालून ‘गेमिंग पीसी’ म्हणून विकले जातात, ते या नावाच्या जोरावर. खरी ओळख असते पुढच्या आकड्यात. ३७७० म्हणजे तिसरी पिढी, १२१०० म्हणजे बारावी. २०२२ मध्ये आलेल्या आय-३ १२१००एफ या साध्या प्रोसेसरला त्या जुन्या आय-७ इतकेच चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. पण वेगात तो त्याला सहज मागे टाकतो.

वेगापेक्षाही मोठी अडचण वेगळीच आहे. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. आडवाटेने ती जुन्या संगणकावर बसवता येते. मात्र ‘व्हॅलोरंट’सारखा खेळ विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन सुरक्षा सुविधा मागतो. जुन्या बोर्डावर त्या नसतील तर खेळ सुरूच होत नाही. ज्या खेळासाठी संगणक घेतला, तोच चालत नाही असा हा प्रकार.

मोठा वाटा कोणाचा?

ग्राफिक्स कार्डाचा. पडद्यावरचे प्रत्येक चित्र तेच रंगवते. त्यामुळे मॉनिटर सोडून उरलेल्या बजेटपैकी ३५ ते ४० टक्के रक्कम कार्डावर गेली तर त्यात वावगे काही नाही. महागडा प्रोसेसर आणि किरकोळ कार्ड ही जोडी मात्र टाळावी. १०८०पी पडद्यासाठी आठ जीबी मेमरीचे कार्ड ही आजची किमान अपेक्षा म्हणता येईल. या गटात रेडिऑन आरएक्स ६६०० हे २०२१ चे कार्ड जुने होऊनही गुणी आहे; आठ जीबी मेमरी आणि वीज १३२ वॅटच्या आसपास.

इथेही नावांचा घोळ आहेच. आरटीएक्स ३०५० हे कार्ड आठ जीबी आणि सहा जीबी अशा दोन रूपांत मिळते. फरक फक्त मेमरीचा असेल, असे ग्राहकाला वाटते. प्रत्यक्षात २०२४ मध्ये आलेल्या सहा जीबीवाल्याचे कोअर २५६० वरून २३०४ वर आले आहेत आणि मेमरीची वाटही १२८ बिटवरून ९६ बिट झाली आहे. त्याचा एक गुण मात्र मान्य करायला हवा : ते ७० वॅटमध्ये भागवते, त्यामुळे जुन्या ऑफिस संगणकातही बसू शकते. आरएक्स ५८०चीही हीच कथा. ‘२०४८एसपी’ असे शेपूट लागलेले आरएक्स ५८० हे जवळजवळ आरएक्स ५७० असते.

कार्ड नंतर घेतले तर चालेल?

चालेल, आणि हात आखडता असेल तर हाच शहाणा मार्ग आहे. रायझन ५ ५६००जी या सहा कोअरच्या प्रोसेसरमध्येच बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे. ‘व्हॅलोरंट’, ‘जीटीए ५’ यांसारखे खेळ माफक सेटिंगवर त्यावर खेळता येतात. मात्र हे ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरते. त्यामुळे १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन घ्याव्यात. दोन वाटांनी माहिती गेल्याने वेगात डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो. उलट, इंटेलच्या क्रमांकामागे ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाहीच. तो घेऊन कार्ड पुढच्या दिवाळीला घेऊ म्हटले, तर तोवर पडदा काळाच राहील.

५६००जी घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. तो पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या आवृत्तीवर चालतो. आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला मुळात चारच मार्गिका असल्याने या प्रोसेसरसोबत त्याचा दम आणखी कमी होतो. पुढे कार्ड जोडायचे तर ते नको.

रॅमने गणित कसे बिघडवले?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना मेमरी चिप हव्या आहेत आणि त्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्याच. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती भडकल्या. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा ब्रँडच आवरता घेत असल्याचे जाहीर केले. एरवी बजेटच्या तळाशी असणारी रॅम त्यामुळे वर सरकली.

याचा थेट परिणाम बोर्डाच्या निवडीवर होतो. एएमडीचा २०२२ मधील एएम ५ सॉकेट फक्त डीडीआर ५ घेतो. जुन्या एएम ४वर डीडीआर ४ लागते. दोघांच्या पट्ट्या एकमेकांत बसत नाहीत. पुढे प्रोसेसर बदलायचा असेल तर एएम ५ बरा. पण घरात जुन्या डेस्कटॉपची डीडीआर ४ पट्टी पडून असेल तर सध्या एएम ४ किंवा डीडीआर ४ घेणारा इंटेल बोर्ड घेण्यात काहीही कमीपणा नाही. लॅपटॉपची पट्टी मात्र आखूड असते, ती चालणार नाही.

‘एसएमपीएस फ्री’ का घेऊ नये?

कॅबिनेटसोबत फुकट येणारा ‘५०० वॅट’चा एसएमपीएस हा या खरेदीतला सर्वांत महागडा फुकट माल. खोक्यावरचा आकडा सोडा, लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिले असतील, तर प्रोसेसर आणि कार्डासाठी मिळणार १९२ वॅटच. आय-३ १२१००एफ जोरात चालला तर ८९ वॅटपर्यंत जातो, त्यात आरएक्स ६६००चे १३२ मिळवा, बेरीज २२१. मग ऐन खेळात संगणक बंद पडतो आणि दोष विंडोजला दिला जातो. हलका एसएमपीएस जळताना कधी बोर्ड आणि कार्डही सोबत घेऊन जातो. नामांकित कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस या जोडीला पुरेसा. ‘८० प्लस’ची खूण वीज वाया किती जाते एवढेच सांगते, टिकाऊपणाची हमी देत नाही, म्हणून वॉरंटीची वर्षेही पाहावीत. दिव्यांचे पंखे आणि काचेचे कॅबिनेट यांतून वाचवलेले पैसे इथे घालावेत.

दुकानात काय पाहावे?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा गावातला असेंबलवाला, दर दिवसागणिक बदलतात. दोन-तीन दुकानांतून प्रत्येक भागाचा वेगळा भाव लिहून घ्यावा आणि तो ऑनलाइन किमतीशी ताडून पाहावा. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हे आमिष टाळलेले बरे. १८ टक्के जीएसटी वाचतो, पण कार्ड बिघडल्यावर हाती कागद नसतो. पक्क्या बिलावर कार्ड, बोर्ड आणि एसएमपीएसचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत. जुने कार्ड घ्यायचेच असेल तर ते समोर अर्धा तास एखाद्या जड खेळावर चालवून पाहावे.

संगणक घरी आल्यावर मॉनिटरची केबल बोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावा. ही चूक भलेभले करतात आणि ‘कार्ड चालत नाही’ म्हणून दुकान गाठतात. बायोसमध्ये जाऊन रॅमचे एक्सएमपी सुरू करा, नाहीतर ३२०० वेगाची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहील. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वर तर अडकलेला नाही ना, ते तपासा.