आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून?

रविवारची संध्याकाळ. नातीचा पहिला वाढदिवस आणि लेक परदेशात. म्हणून शेजारच्या काकू साडेसहापासूनच फोन समोर ठेवून बसल्या होत्या. सातला व्हिडिओ कॉल यायचा होता. सव्वासात झाले तरी फोन मुकाच. शेवटी त्या आमच्या दारात आल्या. "बघ रे जरा. वायफाय लागलंय म्हणतो, पण इंटरनेट नाही म्हणतो. माझ्याच हातून काहीतरी बिघडलं बघ!"

हा अनुभव आता घरोघरचा आहे. फोनच्या माथ्यावर वायफायच्या कमानी दिसतात, शेजारी एखादे बारीक उद्गारचिन्ह असते आणि आत सगळा शुकशुकाट. आपण बुचकळ्यात पडतो, कारण वायफाय म्हणजेच इंटरनेट अशी आपली समजूत झालेली असते. वास्तविक या दोन वेगळ्या गोष्टी. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून येई. 'वायफाय' हे नावच मुळी १९९९ मधले.

सोसायटीच्या पाण्याचे उदाहरण घ्या. गच्चीवरच्या टाकीपासून आपल्या नळापर्यंतचा पाइप म्हणजे वायफाय. टाकीत पाणी आणणारी महापालिकेची जलवाहिनी म्हणजे इंटरनेट, आणि टाकी म्हणजे भिंतीवरची लुकलुकणारी पेटी, अर्थात राउटर. पाइप ठणठणीत असला तरी टाकी कोरडी असेल तर नळाने काय करावे? फोन मात्र दोन्हींची खबर ठेवतो. वायफाय जोडले गेले की अँड्रॉइड फोन दूरच्या संगणकाला गुपचूप एक हाक मारून पाहतो. ठरलेली ओ आली नाही, की 'इंटरनेट नाही' असे तो जाहीर करतो.

तेव्हा पहिला प्रश्न एकच : घरातला दुसरा फोन त्याच वायफायवर चालतो का? मात्र त्या फोनचा मोबाइल डेटा आधी बंद करावा, नाहीतर फसगत होते.

दुसराही चालत नसेल, तर आपल्या फोनला छळू नये. आडातच पाणी नाही. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा. फायबरच्या पेटीवर 'एलओएस' नावाचा दिवा लाल दिसला, तर बाहेरून येणारा प्रकाशच पोहोचत नाही असे समजावे. ही तार काचेच्या केसासारखी असते. कपाट सरकवताना ती दुमडली तरी प्रकाश अडतो. तार जागेवर असेल, तर बिल भरले आहे ना, हे पाहून कंपनीला फोन करावा. पुढचे काम त्यांचे.

घराबाहेरची गोष्ट निराळी. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून रेल्वेस्थानकांवर मोफत वायफाय सुरू झाले. तिथे नुसते जोडून भागत नाही. मोबाइल क्रमांक देऊन, आलेला ओटीपी भरल्यावरच फाटक उघडते. पुष्कळ हॉटेलांतही अशीच तऱ्हा. तोवर फोन 'जोडलेला' पण उपाशी.

दुसरा फोन चालत असेल, तर मात्र दोष आपल्या पोहऱ्यात. अशा वेळी फोन एकदा बंद करून सुरू करावा. सेटिंगमध्ये ते वायफाय 'विसरून' पासवर्ड घालून पुन्हा जोडावे, म्हणजे राउटरकडून फोनला नवा पत्ता मिळतो. व्हीपीएन चालू असेल तर ते बंद करावे. कोणी 'प्रायव्हेट डीएनएस' बदलून ठेवले असेल तर ते 'ऑटोमॅटिक'वर आणावे. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी वही. वहीच चुकीची, तर घर सापडणार कसे? 'रीसेट नेटवर्क' हा उपाय शेवटचा, कारण त्यात साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड पुसले जातात.

काकूंकडे माझा फोन त्यांच्या वायफायवर झकास चालला. आड भरलेला होता. त्यांच्या फोनवर एक इंग्रजी सूचना पुन्हा पुन्हा येत होती, ती त्यांनी घाबरून प्रत्येक वेळी बाजूला सारली होती. वाचली, तर तारीख चुकल्याची तक्रार! फोनमध्ये चक्क पुढचे वर्ष चालू होते. प्रत्येक संकेतस्थळाचे एक ओळखपत्र असते आणि त्याला मुदत असते. फोनचे घड्याळ वर्षभर पुढे गेले, की खरे ओळखपत्रही त्याला कालबाह्य वाटते आणि तो दार लावून घेतो.

हे झाले कसे? सकाळी मुलाचा मुलगा येऊन गेला होता. खेळातले 'जीव' संपले की नवे मिळेपर्यंत थांबावे लागते. तारीख पुढे ढकलली की थांबावे लागत नाही. ही युक्ती मुलांना पाठ असते.

तारीख 'ऑटोमॅटिक'वर आणली आणि मिनिटभरात फोन वाजला. पलीकडे केक कापायचा थांबला होता. काकू नातीकडे पाहताना मध्येच माझ्याकडे वळल्या. "म्हणजे मी काही बिघडवलं नव्हतं ना?"

नव्हतेच. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हे एकदा शांतपणे सांगायला हवे.