दाभोळची खाडी
दाभोळची खाडी हे रत्नागिरी जिल्ह्यातील वाशिष्ठी नदीचे मुख होय. उत्तर तीरावर दापोली तालुक्यातील दाभोळ, तर दक्षिणेस गुहागर तालुक्यातील अंजनवेल व तेथील गोपाळगड आहे. बहमनी काळात दाभोळ हे मोठे बंदर होते. आज तेथून धोपाव्याकडे फेरीबोट जाते. खेडकडून येणारी जगबुडी याच खाडीस मिळते.

वस्तुतः पूर्ववाहिनी असलेल्या कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत सोडले जाते. म्हणूनच कोकणातील इतर नद्या आटत असताना ही नदी उन्हाळ्यातही वाहते.

लोटे-परशुराम औद्योगिक क्षेत्रातील रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी याच खाडीत येते. ते ओहोटीबरोबर सरळ समुद्रास मिळत नाही. पुढची भरती त्याचा काही भाग पुन्हा आत लोटते. मासे मरून तरंगल्याच्या तक्रारी खाडीवर पोट असलेला भोई समाज वर्षानुवर्षे करीत आला आहे. कोळंबी, खेकडे व माशांची पिल्ले काठच्या कांदळवनांतच वाढत असल्याने ही हानी केवळ एका हंगामापुरती राहत नाही. चिपळूणच्या बाजूस, जेथे पाणी कमी खारे असते, तेथे चिखलाच्या काठांवर मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात.