मैदानावरच्या मुली आणि घामाचा हिशेब

नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या पोरांचा फुटबॉल सुरू केला. आज आपल्या वस्त्यांतल्या मुलीही बूट घालून मैदानात उतरतात, याचा आम्हाला आनंद आहे. पण सरावाला जाताना त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली असते का, हे घरातल्यांनी बघायला हवे.

अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी घाम येतो. घामाबरोबर पाणी आणि मीठ जाते. पाणी कमी पडले की रक्तातला द्रव घटतो, हृदयाला जोरात धावावे लागते, अंग तापते. वजनाच्या साधारण २ टक्के पाणी गेले की दम लवकर लागतो, लक्षही उडते. ४५ किलोच्या मुलीसाठी हे फक्त ९०० ग्रॅम! विदर्भातल्या उन्हाळ्यात तेवढे जायला वेळ लागत नाही. सर्वसाधारणपणे बायकांना पुरुषांपेक्षा घाम कमी येतो, पण प्रत्येकीचा घाम वेगळा. त्यामुळे मैत्रिणीला अर्धी बाटली पुरली म्हणजे आपल्या मुलीलाही पुरेल, असे नाही.

आपल्या मुलीचा घाम घरीच मोजता येतो. सरावाआधी आणि नंतर, अंग पुसून, कोरड्या कपड्यांत वजन करावे. काटा शंभर ग्रॅम नीट दाखवणारा हवा; भंगारवाल्याचा असला तरी चालेल. समजा आधी ४५ किलो होते, नंतर ४४.४ भरले आणि मधे ४०० मिली पाणी प्यायली. म्हणजे घाम गेला सुमारे १ लिटर. घटलेल्या ६०० ग्रॅमच्या बदल्यात संध्याकाळभर थोडे थोडे करून ९०० मिलीपर्यंत प्यावे. वजन उलट वाढले असेल तर पाणी जास्त झाले. नुसते पाणी बळेच ढोसल्याने रक्तातले मीठ पातळ होते, तेही धोक्याचे.

तासाभराच्या सरावाला साधे पाणी पुरते. ऊन जास्त असेल, खेळ लांबला, तर मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी द्यावे. घरी आल्यावर भाकरी, वरण आणि मीठ घातलेले ताक. जाहिरातीतल्या रंगीत बाटल्यांवर पैसे घालवायची गरज नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. मैदानाजवळ संडास नाही म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पाळीच्या दिवसांत तर आणखीच टाळतात. अशाने लघवीला जळजळ होते, संसर्ग होतो आणि मुलगी खेळायच्या आधीच कोरडी पडलेली असते. लघवी गडद पिवळी दिसली तर तेच समजावे. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली लढलेल्या समाजाच्या लेकीने संडास नाही म्हणून तहान मारावी, हे आम्हाला पटत नाही. भीमजयंतीचे सामने भरवणाऱ्या मंडळांनी मंडपाआधी मुलींसाठी संडास आणि पिण्याचे पाणी यांची सोय करावी. सामने ऐन एप्रिलच्या उन्हात येतात, तेव्हा दुपारी ठेवू नयेत.

खेळताना मुलगी अडखळू लागली, असंबद्ध बोलू लागली, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. लगेच सावलीत न्यावे, अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.