भाजी, लगोरी आणि काही पक्के गैरसमज

"आमचा बंड्या भाजी खातच नाही हो!" पालकसभेत हे हमखास ऐकू येतं. दोन-तीनदा वाढली, मुलाने तोंड वाकडं केलं आणि 'त्याला आवडत नाही' असा शिक्का बसला, असंच बहुतेकदा झालेलं असतं. पण आवड इतक्या लवकर ठरत नाही. नवी चव अंगवळणी पडायला मुलाला ती आठ-दहा, कधी पंधरा वेळाही चाखावी लागते. चाखायची म्हणजे एक घास, वाटीभर नव्हे.

'भाजी संपव, मग चॉकलेट देते' या सौद्यातून भाजी म्हणजे शिक्षा आणि चॉकलेट म्हणजे बक्षीस, एवढंच मुलाच्या मनात बसतं. पानात काय वाढायचं आणि जेवायचं केव्हा, हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं ते मुलाच्या भुकेवर सोडावं. शाळेला तर याहून पुष्कळ करता येतं. तिसरीच्या परिसर अभ्यासात अन्नघटकांचा तक्ता पाठ करून घेण्याऐवजी वर्गातच मटकी भिजत घालावी, फडक्यात बांधावी, मोड मोजू द्यावेत. स्वतः मोड आणलेल्या मटकीची उसळ मुलं निदान चाखून तरी बघतात. आणि मधल्या सुट्टीत कोणाच्या डब्यातल्या भाकरीला कोणी हसलं, तर बाईंनी तिथल्या तिथे बोलायला हवं. असं एकदा हसं झालं की दुसऱ्या दिवसापासून डब्यात बिस्किटं येतात.

गुटगुटीत मूल निरोगी आणि किरकोळ मूल कुपोषित, हाही असाच एक ठोकताळा. 2016-18 च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात 5 ते 9 वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 22 टक्क्यांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली आणि साधारण चौथ्या हिश्शाच्या मुलांना रक्तक्षय होता. त्याच पाहणीत शाळकरी व किशोरवयीन मुलांत दहातल्या एकाची रक्तशर्करा मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. अंगकाठी बघून यातलं काहीच कळत नाही. उंची-वजनाची नियमित नोंद आणि गरज वाटल्यास रक्ततपासणी, हाच खरा मार्ग.

साखरेबद्दल थोडक्यात. साखर खाल्ली की मुलं उधळतात, ही समजूत चाचण्यांत टिकली नाही. 1995 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा वागण्यात फरक दिसला नाही. काळजी करायची ती दातांची आणि वजनाची. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या आणि फळांच्या रसातल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा 10 टक्क्यांच्या आत, शक्यतो 5 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. दिवसाला 1500 कॅलरी लागणाऱ्या मुलाला 5 टक्के म्हणजे जेमतेम 19 ग्रॅम. ज्यूसच्या खोक्यावर 100 मिलिलिटरला 12 ग्रॅम साखर लिहिली असेल, तर 200 मिलिलिटरच्या एका खोक्यातच ती मर्यादा ओलांडली जाते. त्यावर फळांची चित्रं कितीही असोत. सीबीएसईने मे 2025 मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं, ते याच काळजीपोटी.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज मात्र पी.टी.च्या तासाबद्दलचा आहे: त्यात म्हणे अभ्यासाचा वेळ वाया जातो. परीक्षा जवळ आली की पहिली कुऱ्हाड त्याच तासावर पडते. शाळकरी मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं चांगली धाप लागेल अशी हालचाल हवी आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायू-हाडं बळकट करणारे खेळ हवेत. ही 60 मिनिटं सलग असण्याचीही गरज नाही. त्यासाठी महागडी अकादमी कशाला? लंगडी, लगोरी, खो-खो, दोरीवरच्या उड्या यांत हाडांना हवा तो भार आपोआप मिळतो. शिवाय नियमित हालचालीचा लक्ष केंद्रित करायला आणि अभ्यासालाही फायदाच होतो, असं अभ्यासांतून दिसलं आहे.

आणि गृहपाठ केला नाही म्हणून मैदानाला फेऱ्या किंवा उठाबशा? ज्याची गोडी लावायची, तेच आपण शिक्षा म्हणून वापरतो, आणि मग मूल मोबाइल सोडत नाही म्हणून तक्रार करतो. हे बदलायला पालकांनाही वाव आहे: सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. वेळापत्रकातला पी.टी.चा तास गेल्या महिन्यात खरोखर किती वेळा झाला, हे विचारण्याची जागा तीच.